हॅलस्टेडसाहेबांना विचारायचं होतं

मंगळवार, १० फेब्रुवारी

अल्विनला डायलिसिसहून घरी आणलं. तो नेहमीसारखा सोफ्यावर आडवा झाला आणि मी भांडी तशीच ठेवून ही वही काढली. मुलीनं नाताळात दिलेली. कोणाशी तरी बोलायला हवं, आणि नणंदेला फोन करावा तर ती भाषण देईल.

आज नर्स एकेका खुर्चीपाशी जाऊन सांगत होती की सप्टेंबरअखेर हा विभाग बंद होणार. सरकारकडून येणारा पैसा आटला, आमच्या एवढ्याशा हॉस्पिटलला मशीनं चालवणं परवडत नाही. सांगताना तिचाच चेहरा इतका उतरला की आम्हीच तिची समजूत काढत बसलो. अल्विन म्हणाला, "तुझी नोकरी राहील ना गं?" माझ्या नवऱ्याचं रक्त नळ्यांतून फिरतंय आणि चौकशी कोणाची, तर तिच्या नोकरीची!

आता सगळ्यात जवळचं मशीन सलायनाला, शंभर मैलांवर. मंगळवार, गुरुवार, शनिवार. जायचं, चार तास खुर्चीत, परत यायचं. अल्विन घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "लांब आहे."

रविवार, १५ फेब्रुवारी

आमच्या मारियनफेल्ड गावात डेमोक्रॅट म्हणजे माझी नणंद डोलोरेस. आणखी दोघं आहेत म्हणतात, पण ते कबूल करत नाहीत. आज मासची प्रार्थना संपल्यावर तिनं चर्चच्या पायरीवरच मला गाठलं.

"बंद होणारच होतं. सरकारी पैशातली ती कपात मंजूर झाली तेव्हाच मी सांगितलं होतं. दोन्ही सिनेटर आणि आपला खासदार, तुझा तो हॅलस्टेड, तिघांनीही कपातीच्या बाजूनं हात वर केले."

"माझा कशाला? सगळ्यांचाच आहे तो."

"मी नाही दिलं त्याला मत."

"तू देतेस तो कधी निवडून आलाय का, डोलोरेस?"

तोंडातून निघून गेलं. तिनं टोपी नीट केली आणि म्हणाली, "मग तुझा निवडून आलाय ना, विचार की त्याला." आणि गाडीत बसून गेली. शिक्षिका होती ना, शेवटचं वाक्य नेहमी तिचंच.

पण तिचं म्हणणं बरोबर आहे. विचारायला काय हरकत आहे? हॅलस्टेडसाहेब शेतकऱ्याच्या घरातले आहेत, आपल्यातलेच. त्यांच्यापर्यंत पोचलंच नसेल कोणी.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आठवडाभर फोन. एका सिनेटरच्या फोनवर निरोपाला जागाच शिल्लक नाही. दुसऱ्याकडे एक बाई गोड आवाजात सांगते की तुमचं मत आमच्यासाठी महत्त्वाचं आहे, आणि मग बँडचं संगीत लागतं. कांदे चिरून, परतून झाले तरी बँड चालूच.

हॅलस्टेडसाहेबांच्या इथल्या ऑफिसात मात्र खरी मुलगी बोलली. केलीन नाव. किती गोड पोर! माझं सगळं ऐकून घेतलं, "मी हे नक्की पुढे कळवते, मिसेस वाइगेल," म्हणाली. तिला सर्दी झाली होती, मी तिला मध आणि लिंबू घ्यायला सांगितलं. फोन ठेवल्यावर बरं वाटलं, मग तेच सगळं पत्रातही लिहून पाठवलं. डोलोरेसला सांगितलं तर ती नुसतीच "हं" म्हणाली.

मंगळवार, २४ मार्च

उत्तर आलं! जाड कागद, वर सोनेरी गरुड. हॅलस्टेडसाहेब लिहितात की बंदूक बाळगण्याच्या हक्काबद्दल मी व्यक्त केलेल्या काळजीबद्दल ते मनापासून आभारी आहेत आणि या लढ्यात ते माझ्या पाठीशी उभे आहेत.

अल्विन इतका हसला की त्याला ठसका लागला. "लिओना, तू कोणाला गोळी घालायचं म्हणत होतीस?" मलाही हसू आलं, मग रडू आलं. चूक झाली असेल ऑफिसात, इतकी पत्रं येतात. मी पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरांत.

दुपारी अल्विननं मला तळघरात नेऊन गॅसच्या वॉटर हीटरची ज्योत विझली तर कशी लावायची ते दाखवलं. दोनदा माझ्याकडून करून घेतलं. म्हटलं, तू आहेस की, मला कशाला? तर म्हणतो, "माहीत असावं." घरात बसून बसून ह्याला काहीतरी नवीन सुचत असतं.

बुधवार, २२ एप्रिल

रात्रीचं जेवण वाढत होते तोच फोन वाजला. रेकॉर्ड केलेला आवाज: हॅलस्टेडसाहेबांची टेलिफोनवरची जनसभा, प्रश्न विचारायचा असेल तर अमुक बटण दाबा. मी दाबलं. एका तरुणानं विचारलं, प्रश्न कशाबद्दल? सांगितलं. तो म्हणाला, लाइनवर थांबा.

मग मी थांबले. साहेबांचा आवाज आला, तब्येतीत होते. एका बाईनं विचारलं की घड्याळं वर्षातून दोनदा मागेपुढे करायची कटकट कधी संपणार. त्यावर बराच वेळ बोलणं झालं. एका माणसानं प्रश्न न विचारता त्यांचे आभार मानले. त्याचेही त्यांनी आभार मानले. अल्विन जेवून उठला. माझ्या वाडग्यातलं सूप गार झालं. आणि मग, "मित्रांनो, वेळ संपली, देव तुमचं भलं करो."

अल्विननं माझं सूप गरम करून आणलं. म्हणाला, "उद्या लवकर उठायचंय, खाऊन घे."

गुरुवार, २१ मे

डोलोरेसनं चर्चच्या हॉलमध्ये सभा भरवली. तिघांनाही निमंत्रण पाठवलं होतं, तिघांनीही नाही म्हणून कळवलं. म्हणजे दोघांनी कळवलं, तिसऱ्यानं तेही नाही. तिनं व्यासपीठावर तीन रिकाम्या खुर्च्या मांडल्या आणि प्रत्येकीवर नाव लिहिलेला पुठ्ठा ठेवला.

मला वाटलं होतं कोणी येणार नाही, पण हॉल भरला. आज डायलिसिस, उद्या अख्खं हॉस्पिटल बंद होईल म्हटल्यावर आलेच सगळे. पण आम्ही लोक असे, की खुर्चीलाही लागेल असं बोलता येईना! व्हर्जिल उठला. कॉफीच्या टेबलावर रोज ह्याच तिघांच्या नावानं बोटं मोडतो, तो व्हर्जिल. टोपी हातात घेऊन हॅलस्टेडसाहेबांच्या खुर्चीला म्हणाला, "साहेब, तुम्हाला खूप कामं असतील याची जाणीव आहे, पण..." आणि टोपी घालून खाली बसला. ल्योफलरबाई उभी राहिली, तिच्या नवऱ्याची केमोथेरपी चालू आहे, तिनं आधी खुर्चीला धन्यवाद दिले. कशाबद्दल, देव जाणे.

डोलोरेस कोपऱ्यात हात बांधून उभी होती. तिचा संताप मला दिसत होता. शेवटी ती माइकपाशी आली आणि म्हणाली, "अरे, लाकडाच्या आहेत त्या! लाकडाच्या!" कोणी हसलं नाही. सगळ्यांना तिचीच लाज वाटली.

मीही बोलायचं ठरवून गेले होते. उठले नाही. खऱ्या माणसाशी बोलेन, खुर्चीशी काय बोलायचं, असं मनाशी म्हटलं.

शनिवार, २७ जून

गव्हाची कापणी. डायलिसिसनंतर माणसानं झोपावं, पण अल्विन थेट डोलोरेसच्या मुलाकडे, कर्टिसकडे, गेला आणि कापणीच्या कंबाइन यंत्रात त्याच्या शेजारच्या सीटवर बसून संध्याकाळपर्यंत शेतात फिरला. मी जेवण घेऊन गेले तेव्हा दोघांचे चेहरे धुळीनं माखलेले. अल्विनला खाली उतरायला कर्टिसचा आधार लागला, पण चेहरा असा की मला रागवता येईना.

परत येताना म्हणाला, मासेमारीच्या काठ्या कर्टिसला देऊन टाकल्या. पिकअपही देणार आहे. मी चिडले. सप्टेंबरनंतर सलायनाला जायचं तर एक गाडी जादा असलेली बरी नाही का? आपली ही बंद पडली तर? पुरुषांना पुढचं काही दिसतच नाही.

रविवार, १६ ऑगस्ट

आजच लिहायला हवं.

आमच्या चर्चचं वार्षिक जेवण. दरवर्षीप्रमाणे बिअरॉक माझ्याकडे. कोबी आणि खिमा भरून भाजायचे ते पाव. परवापासून बायका माझ्या स्वयंपाकघरात पीठ मळत होत्या. आणि काल कळलं की हॅलस्टेडसाहेब येणार. निवडणुकीचं वर्ष आहे ना.

मी रात्रभर प्रश्न पाठ केला. छोटा केला, म्हणजे तोडता येणार नाही. "साहेब, माझा नवरा डायलिसिसवर आहे. आमचा विभाग बंद होतोय, कारण तुम्ही त्या कपातीला मत दिलंत. आता तुम्ही काय करणार?" बस, एवढंच. डोलोरेसला म्हणून दाखवला. तिनं माझा दंड दाबला आणि म्हणाली, "'साहेब' काढून टाक." तेवढं मी नाही काढलं.

ते रांगेतून पुढे सरकत आले. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, मागे कॅमेरावाला. फोटोतल्यापेक्षा बुटके आहेत. माझ्यासमोर आले, माझा हात दोन्ही हातांत घेतला, छातीवरची नावाची चिठ्ठी वाचली. "लिओना! हे तुम्ही केलेत? माझी आजी करायची अगदी असेच."

आणि मी म्हटलं, "घ्या ना. आणखी एक घ्या."

त्यांनी घेतला. मी मोहरीची बाटली पुढे सरकवली. ते म्हणाले, वॉशिंग्टनमध्ये असं काही मिळत नाही हो. मी म्हटलं, अगंबाई, मग वाटेत खायला बांधून देते. आणि मी दिले बांधून! चांदीच्या कागदात, चार. मागे माणसं खोळंबली होती, त्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नव्हतं. एवढा मोठा माणूस पाहुणा म्हणून आलाय, तोंडात घास आहे, आणि त्याला कुठे डायलिसिसचं विचारायचं? असं मला त्या क्षणी वाटलं. कॅमेऱ्याचा उजेड पडला. मी हसले. ते गेले.

डोलोरेस बटाट्याच्या सॅलडच्या पातेल्यामागे उभी होती. तिनं नुसतं पातेल्यावर झाकण ठेवलं. तिनं भाषण दिलं असतं तर बरं झालं असतं.

अल्विनला घरी येऊन सांगितलं. तो म्हणाला, "चार दिलेस? आपल्यासाठी उरले का?" मला हसवायला म्हणाला तो. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मला माझीच किळस आली आज.

गुरुवार, १ ऑक्टोबर

सलायनाला पहिली फेरी. तिथे फक्त पहाटेची पाळी मोकळी होती, म्हणून अंधारातच निघालो. कसली खुर्ची, कसलं काय, एवढा मोठा हॉल की मला अल्विन कुठे बसलाय ते सापडेना. नर्सना त्याचं नावही माहीत नाही. परत येताना त्याला दोनदा उलटी झाली, मी गाडी बाजूला घेतली, मागून ट्रक भरधाव जात होते. घरी यायला दुपार. तो उद्यापर्यंत उठणार नाही. मीही नाही उठणार.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

मैलामैलावर हरणं. आज एक अगदी समोर आलं. ब्रेक दाबला, गाडी फिरली, चरात जाता जाता वाचलो. अल्विन जागा झाला आणि म्हणाला, "तुला काही झालं असतं तर?" त्याला म्हटलं, मला काय होतंय! पण हात स्टिअरिंगवरून निघेनात.

बुधवार, १४ ऑक्टोबर

टपालात एक गुळगुळीत कागद आला, गावातल्या प्रत्येक घरी. हॅलस्टेडसाहेबांचा प्रचार. आणि त्यावर, कपाळ माझं, मी! दोन्ही हातांनी त्यांना पुडकं देतेय, तोंडभर हसतेय. खाली लिहिलंय: ग्रामीण कुटुंबांच्या आरोग्यासाठी सदैव उभा.

मी तो चुलीत घालायला निघाले, तर अल्विननं काढून घेतला. चष्मा लावून बघितला. "छान आलीस," म्हणाला. चेष्टा नव्हती त्यात. म्हणूनच जास्त लागलं.

ऑफिसला फोन केला. केलीन आता तिथे नाही, दुसरं कोणी आहे. मी म्हटलं, मला विचारलं का नाही? ती म्हणाली, सार्वजनिक कार्यक्रमात विचारावं लागत नाही. मी सांगितलं, बरं, थँक्यू.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

किराणा दुकानात व्हर्जिल भेटला. त्याची बायको जाऊन वर्ष झालं, आता एकट्यापुरती डबाबंद सूपं घेतो. म्हणाला, "खरं सांगू, ह्या वेळी हॅलस्टेडला मत द्यायचंच नाही असं मी ठरवलं होतं. घरी बसणार होतो. पण तुझा फोटो पाहिला. म्हटलं, लिओनाच्या घरी एवढं चाललंय आणि तीच त्याच्याबरोबर आहे, म्हणजे तो काहीतरी करत असणार."

मी तिथेच सांगायला हवं होतं. गल्ल्यावरची मुलगी ऐकत होती, व्हर्जिल इतका खुशीत होता. मी म्हटलं, "बघू या." बघू या! एवढीच भाषा येते का मला?

घरी आमच्या चर्चचे फादर आले होते, अल्विनशी दार लावून बोलत बसले होते. मी कॉफी नेली तर दोघंही गप्प झाले. चर्चच्या छपराचं काही असेल. पैसे लागणार आहेत म्हणतात.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

मतदान. दर निवडणुकीला मी चर्चच्या हॉलमध्ये टेबलापाशी बसते, मतदारांची नावं बघून मतपत्रिका देते. ह्या वेळी नाही म्हणावंसं वाटत होतं, पण काउंटीच्या निवडणूक कचेरीला माणसं मिळत नाहीत. अल्विनला सलायनाला न्यायचं कर्टिसनं कबूल केलं होतं. मी पहाटे निघाले तेव्हा अल्विन अंथरुणात जागा होता. त्यानं माझा हात धरला. म्हटलं, उशीर होतोय, सोड.

दिवसभर रांग. डोलोरेस आली, सही केली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोट का नाही घातलास, गार आहे इथे."

अकराच्या सुमाराला मान वर केली तर समोर अल्विन. रविवारचा कोट, भांग पाडलेला. ह्या वेळी त्यानं शंभर मैल दूर खुर्चीत असायला हवं होतं. कर्टिसची गाडी बंद पडली असेल, असंच वाटलं मला. पण टेबलापाशी बसलेलीनं मतदाराशी दुसरं काही बोलायचं नसतं, आणि मागे माणसं उभी.

मी विचारलं, "नाव?"

"अल्विन जोसेफ वाइगेल."

"ओळखपत्र?"

त्यानं दाखवलं. मी यादीत बोट फिरवलं, मला ओळ दिसेना, माझ्याच नावाच्या वरची ओळ. नियमाप्रमाणे विचारलं, "पत्ता तोच आहे ना?"

"तोच. अजून तरी."

तेव्हा कळलं मला. वॉटर हीटर, काठ्या, पिकअप, फादर. सगळं एकदम. मी मतपत्रिका दिली. त्याचे आणि माझे हात एका कागदाला धरून होते थोडा वेळ. मग तो पडद्यामागे गेला आणि मी पुढच्याला म्हटलं, "नाव?"

संध्याकाळी तो म्हणाला की आठवड्यातले तीन दिवस रस्त्यावर जातात, तीन दिवस झोपून, आणि रविवार देवाचा. "माझा कुठला, लिओना?" तो म्हणाला की मी त्याला घेऊन हरणांमध्ये गाडी चालवत राहणार, हे त्याला बघवत नाही. कर्टिसला त्यानंच परत पाठवलं, आता डायलिसिस नको म्हणून. मी म्हटलं, गुरुवारी मी स्वतः नेते. त्यानं टीव्ही लावला. टीव्हीवर हॅलस्टेडसाहेब हात हलवत होते. आमच्या गावानं त्यांना भरभरून मतं दिली.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

मी गजर लावून उठले. गाडी काढली, हीटर लावला, त्याची उशी, ब्लँकेट, उलटीचा डबा मागच्या सीटवर ठेवला. आणि गाडीतच बसून राहिले. आत जाऊन विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. गाडी चालू असली की येईल, असं वाटलं.

आला. पायजम्यावर कोट. दार उघडून शेजारी बसला. मी गिअर टाकणार, तोच म्हणाला, "मी यायला नाही बसलो गं. तुला आत न्यायला आलोय."

आणि मी ओरडायला लागले. ह्या वयात, ह्या गल्लीत, शेजाऱ्यांचे दिवे लागले तरी. म्हटलं, तू हात वर केलास! तुला माहीत होतं काय होणार ते, आणि तू हात वर केलास! तुला फोन केले, तुझ्या त्या जनसभेत माझं जेवण गार झालं, तुला लिहिलं तर तू मला बंदुका दिल्यास! माझ्या हातचं खाल्लंस, माझं तोंड छापलंस, आणि आमच्या डायलिसिसच्या खुर्च्या विकल्यास! कुठे होतास तू? शंभर मैल चालवलीस का कधी गाडी, शेजारी माणूस ओकत असताना? तुला लाज नाही वाटत? सांग ना! आता काय करणार आहेस तू? माझा नवरा मरतोय आणि तू काय करणार आहेस?

मी अल्विनच्या कोटाला धरून हे सगळं हॅलस्टेडला बोलत होते. अल्विनला ते कळत होतं. माझा आवाज बसला तेव्हा त्यानं हात लांब करून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली.

"झालं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग बोल. मी आहे इथे."

आणि उजाडेपर्यंत मी त्याला ऐकवत राहिले.